श्रीधरांचे सूत्र, भास्कराचार्यांची पोथी

लीलावती हा गणिताचा ग्रंथ सुरू होतो तोच मुळी गजाननाला वंदन करून. भक्तांची विघ्ने दूर करणाऱ्या त्या गजमुखाला नमस्कार केल्याशिवाय ग्रंथकाराने एकही आकडा मांडलेला नाही. गणिताच्या पेपरला जाताना देवघरापुढे थांबलेल्या कोणालाही हे फार समजूतदारपणाचे वाटेल. तेव्हा गणेशोत्सवाच्या या स्मरणिकेत संत, सरदार आणि नाटककार यांच्या पंक्तीला या वर्षी एका गणितीचे पान मांडावे, असे आम्हाला वाटले. ते गणिती म्हणजे भास्कराचार्य. शाळेत आपण सर्वांनी वर्गसमीकरण पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवले आहे, आणि त्याच वेळी बहुतेकांनी गणिताशी कट्टीही घेतली आहे. त्या पद्धतीची कथा भास्कराचार्यांच्या चरित्राला फार जवळून चिकटलेली आहे.

आपल्याकडच्या जुन्या पंडितांच्या जन्मतिथीबद्दल नेहमी वाद असतो. भास्कराचार्यांनी तो ठेवलेला नाही. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी स्वतःचे जन्मवर्ष शब्दांत गुंफून दिले आहे. रस म्हणजे ६, गुण म्हणजे ३, पूर्ण म्हणजे ०, मही म्हणजे १. अंक उजवीकडून डावीकडे मांडले की शके १०३६ निघतो, म्हणजे इ. स. १११४. वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, सिद्धान्तशिरोमणी रचला, हेही त्यांनीच सांगितले. गोत्र शांडिल्य, वडील महेश्वर, गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड. वडील हेच गुरू. त्यांच्याकडून ज्ञानाचा थोडासा अंश आपल्याला मिळाला, असे ते नम्रपणे नोंदवतात.

इतके सगळे सांगूनही एक गोष्ट त्यांनी आपल्यावर सोपवली. हे विज्जडविड कुठले? विजापूरकर म्हणतात विजापूर, बीडकर म्हणतात बीड. अकबराच्या दरबारातल्या फैजीने बिदर लिहून ठेवले. खानदेशातले लोक चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. आणि आपण माळव्यातली मंडळी उज्जैन सोडायला तयार नाही. ते तिथल्या वेधशाळेचे प्रमुख होते, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. पण त्यांनी स्वतः सांगितलेले गाव सह्याद्रीलगतचे आहे. उज्जैनला आज आपण जी वेधशाळा दाखवायला पाहुण्यांना नेतो ती सवाई जयसिंगाची, अठराव्या शतकातली, म्हणजे भास्कराचार्यांनंतर सुमारे सहाशे वर्षांची. उज्जैनचे ज्योतिषातले स्थान मोठेच आहे; प्राचीन ज्योतिषी मध्यरेषा उज्जैनवरून धरीत आणि भास्कराचार्यांनीही तीच धरली. तेवढ्यावर समाधान मानायला हरकत नाही.

माळव्याशी या घराण्याचा खरा धागा वेगळाच आहे, आणि तो उज्जैनचा नसून धारचा आहे. पुढे ज्याची हकीकत येईल त्या शिलालेखात या घराण्याची वंशावळ कोरलेली आहे. त्रिविक्रम, त्यांचे पुत्र भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि सातवे आपले भास्कराचार्य. यांतल्या भास्करभट्टांना राजा भोजाने विद्यापती ही पदवी दिली होती. म्हणजे नातवाच्या पणतूने आपल्या गणिताने नाव काढण्याआधी शंभर-सव्वाशे वर्षे या घरातला एक पंडित धारच्या दरबारी मान घेऊन आला होता. विद्या या घरात बापाकडून मुलाकडे जात होती. भास्कराचार्य आकाशातून पडलेले नव्हते, आणि तसा आवही त्यांनी कधी आणला नाही.

सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग आहेत. लीलावती हे अंकगणित, मग बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिले दोन आज स्वतंत्र पोथ्या म्हणून ओळखले जातात. आम्हाला थांबायचे आहे ते बीजगणितातल्या एका प्रकरणापाशी. त्याचे नाव मध्यमाहरण. मधले पद काढून टाकणे, असा त्याचा सरळ अर्थ.

मधले पद म्हणजे काय, आणि ते काढायचे कशाला? एखाद्या संख्येचा नुसता वर्ग दिला असेल तर वर्गमूळ काढून काम भागते. नुसती ती संख्या दिली असेल तर भागाकार केला की झाले. पण वर्गही आहे आणि शेजारी तीच संख्या पुन्हा कशाने तरी गुणून बसली आहे, असे झाले की गाडी अडते. दोघांना एकदम हात घालता येत नाही. मधे बसलेल्या त्या पाहुण्याला उठवल्याशिवाय वर्गमूळ घेता येत नाही.

भास्कराचार्यांचेच उदाहरण घेऊ. भुंग्यांचा एक थवा आहे. त्याच्या निम्म्याचे वर्गमूळ इतके भुंगे मालतीच्या वेलीवर गेले. सगळ्या थव्याचे नऊ भाग केले तर त्यातले आठ भागही तिकडेच गेले. उरली एक भुंगी. तिचा जोडीदार सुगंधाच्या लोभाने कमळात शिरला, रात्री पाकळ्या मिटल्या आणि तो आत अडकून गुणगुणतो आहे. बाहेरून ती त्याला ओ देते आहे. एकूण भुंगे किती? गणिताच्या पुस्तकात असे उदाहरण घालायला लेखणीत गणितापलीकडचेही काही असावे लागते.

आता त्यांची मांडणी पाहा. आपण ज्याला क्ष म्हणतो त्याला ते यावत्तावत् म्हणत आणि थोडक्यात या लिहीत. दुसरी अज्ञात संख्या आली तर काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावे आणि त्यांची आद्याक्षरे का, नी, पी. वर्ग असेल तर याव. सुटी संख्या रू. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. बरोबरचे चिन्ह नाही. दोन पक्ष एकाखाली एक मांडायचे. थव्याची संख्या त्यांनी याव २ धरली, म्हणजे वर्गाची दुप्पट. का? तर निम्मे केल्यावर नुसता वर्ग राहावा आणि त्याचे मूळ सुटसुटीत या १ यावे. या एका निवडीतच अर्धे गणित सुटते, आणि शिकवणाऱ्याचा हात दिसतो.

मालतीवर गेलेले या १, थव्याचे आठ नवमांश, आणि भुंगा-भुंगीची जोडी २ मिळून थवा पूर्ण होतो. छेद काढून टाकले, दोन्ही पक्षांतले सारखे वजा केले की उरते ते असे. एका पक्षात वर्गाची दुप्पट वजा ९ या, दुसऱ्या पक्षात १८. हा मधला ९ या म्हणजे अडलेला पाहुणा.

इथे भास्कराचार्य जे करतात त्यासाठी हा लेख आहे. ते सांगतात, या ठिकाणी श्रीधराचार्यांचे सूत्र वापरावे. आणि ते सूत्र श्रीधरांच्या नावानिशी जसेच्या तसे उतरवून देतात. सूत्राचा अर्थ असा. वर्गाचा जो गुणक असेल त्याच्या चौपटीने दोन्ही पक्ष गुणावे. मग मूळच्या मधल्या गुणकाचा वर्ग दोन्ही पक्षांत मिळवावा. आता मूळ घ्यावे.

करून पाहू. वर्गाचा गुणक २, त्याची चौपट ८. दोन्ही पक्ष ८ ने गुणले की १६ वर्ग वजा ७२ या, आणि समोर १४४. मधला गुणक ९ होता, त्याचा वर्ग ८१ दोन्हीकडे घाला. समोर झाले २२५. अलीकडचा पक्ष आता बरोबर एक पूर्ण वर्ग बनला आहे, ४ या वजा ९ याचा. २२५ चे मूळ १५. म्हणजे ४ या वजा ९ बरोबर १५, या बरोबर ६. वर्ग ३६, दुप्पट ७२. भुंगे ७२. पडताळा घ्या. निम्मे ३६, त्याचे मूळ ६. आठ नवमांश ६४. ६ आणि ६४ सत्तर, वर ती जोडी.

या ८१ च्या भरीत सगळी मेख आहे. बगदादच्या अल्-ख्वारिज्मींनी नवव्या शतकात हीच कल्पना चित्राने दाखवली होती, आणि ती अंगणात रांगोळीने काढून पाहण्यासारखी आहे. एक चौरस काढा. त्याच्या बाजूची लांबी आपल्याला ठाऊक नाही. त्याला लागून १० हात रुंदीची पट्टी जोडा. चौरस आणि पट्टी मिळून क्षेत्रफळ ३९ आहे. आता पट्टी मधोमध चिरा, ५-५ हातांचे दोन तुकडे करा. एक जागेवर ठेवा, दुसरा चौरसाच्या लगतच्या बाजूला लावा. आकृती जवळजवळ मोठा चौरस झाली, फक्त एक कोपरा रिकामा राहिला. तो कोपरा ५ बाय ५, म्हणजे २५. तो भरला की ३९ आणि २५ मिळून ६४, मोठ्या चौरसाची बाजू ८, आणि मूळची बाजू ३. पूर्ण वर्ग पद्धती म्हणतात ती एवढीच. कोपरा भरायचा आणि जे इकडे घातले ते तिकडेही घालायचे.

मग श्रीधरांनी चौपटीचा खटाटोप कशाला केला? आमच्या भुंग्यांचेच गणित सरळ निम्मे करून सोडवा. मधला गुणक साडेचार होतो, त्याचा निम्मा सव्वादोन, त्याचा वर्ग पाच पूर्णांक एक सोळांश. पाटीवर धूळ पसरून बोटाने आकडे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हे अपूर्णांक नकोत. आधीच चौपटीने गुणून घेतले की शेवटपर्यंत पूर्णांकांतच राहता येते. ज्याने पुष्कळ मुलांना शिकवले आहे त्यालाच अशी युक्ती सुचते.

असा नियम ब्रह्मगुप्तांनीही भिल्लमाल येथे ६२८ मध्येच दिला होता. तरी भास्कराचार्यांना श्रीधरांची शब्दयोजना अधिक पसंत पडली असावी. ग्रंथाच्या शेवटी ते तिघांची नावे घेतात. ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ. यांची बीजगणिते फार विस्तृत आहेत म्हणून त्यांतले सार काढून शिष्यांसाठी हा लहान ग्रंथ केला, अशी त्यांची कबुली आहे. आज श्रीधरांचे अंकगणित मिळते, पण त्यांचे बीजगणित हरवले आहे. पद्मनाभांचेही हरवले. उत्तर प्रदेशात, बंगालमध्ये शिक्षक आजही वर्गसमीकरणाच्या सूत्राला श्रीधराचार्यांचे सूत्र म्हणतात. ते म्हणू शकतात याचे कारण भास्कराचार्यांनी नाव गाळले नाही. गाळले असते तरी बाराव्या शतकात त्यांना विचारणारा कोणी नव्हता.

स्वतःचे जे होते ते त्यांनी पुढे घातलेच. वर्गमूळ धन असते तसे ऋणही असते, तेव्हा उत्तरे दोन येऊ शकतात. मग दोन्ही घ्यायची का? यासाठी त्यांनी वानरे आणली. एका कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग इतकी वानरे रानात खेळत आहेत आणि १२ वानरे टेकडीवर ओरडत आहेत. गणित सोडवले की ४८ आणि १६ अशी दोन उत्तरे येतात. ४८ चा अष्टमांश ६, वर्ग ३६, आणि १२ मिळून ४८. १६ चा अष्टमांश २, वर्ग ४, आणि १२ मिळून १६. दोन्ही बरोबर, दोन्ही घ्यावीत.

लगेच दुसरा कळप. त्याच्या पंचमांशातून ३ वजा केले, उरले त्याचा वर्ग केला, तितकी वानरे गुहेत शिरली. एक फांदीवर दिसते आहे. इथे ५० आणि ५ ही उत्तरे निघतात. ५० चे जमते. पंचमांश १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, वर फांदीवरचे एक. ५ चा पंचमांश १. त्यातून ३ वजा केले तर ऋण २ वानरे. त्याचा वर्ग ४ येतो आणि हिशेब कागदावर जुळतोही, पण हे दुसरे उत्तर घेऊ नये असे ते सांगतात, कारण ऋण वस्तू लोकांना पटत नाही. आकडे जुळले म्हणून उत्तर मानायचे नाही, वानर डोळ्यांसमोर उभे राहिले पाहिजे. परीक्षेत दोन्ही उत्तरे लिहून मोकळे होणाऱ्या आपल्या मुलांना हे वानर जरूर दाखवावे.

लीलावती या नावाची गोष्ट घरोघरी सांगितली जाते. भास्कराचार्यांची कन्या, पत्रिकेत वैधव्य, मुहूर्तासाठी पाण्यात सोडलेले घटिकापात्र, डोकावणाऱ्या मुलीच्या अलंकारातला मोती त्यात पडून छिद्र बुजणे, मुहूर्त टळणे, आणि तिच्या सांत्वनासाठी बापाने तिच्या नावाचा ग्रंथ लिहिणे. गोष्ट डोळ्यांत पाणी आणणारी आहे, पण तिचा उगम भास्कराचार्यांच्या लेखनात नाही. १५८७ मध्ये फैजीने अकबराच्या आज्ञेने लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती येते. मूळ ग्रंथात उदाहरणे घालताना कुठे बाले, कुठे सखे, कुठे मित्रा अशी हाक आहे, आणि त्या भुंग्यांच्या उदाहरणात तर कांते अशी आहे. कोणता बाप मुलीला कांते म्हणेल? आमच्या मते ही मोत्याची गोष्ट गोष्ट म्हणूनच ठेवावी.

शिरोमणीनंतर तेहेतीस वर्षांनी, शके ११०५ मध्ये म्हणजे ११८३ साली, भास्कराचार्यांनी करणकुतूहल लिहिले. वय ६९. हा पंचांगकर्त्यांच्या रोजच्या कामाचा ग्रंथ. मोठ्या सिद्धान्तात न शिरता ग्रहांचे गणित झटपट कसे करावे, ते यात आहे. म्हातारपणीही त्यांनी लिहिले ते दुसऱ्याचे काम सोपे करण्यासाठी.

त्यांच्या पुत्राचे नाव लक्ष्मीधर. देवगिरीच्या यादव राजा जैत्रपालाने त्यांना पाटणहून बोलावून नेले आणि पंडितांचे अग्रणी केले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे जैत्रपालाचा मुलगा सिंघण याचे मुख्य ज्योतिषी. ज्ञानदेवांच्या कथेतले चांगदेव ते हे नव्हेत, एवढे सांगून ठेवतो.

पोथ्यांचा प्रवास पुढे दूरवर झाला. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. शाहजहानच्या काळात अताउल्ला रुश्दीने बीजगणित फारसीत नेले. आणि मग आपल्या माळव्यात, इंदूर-भोपाळ रस्त्यावरच्या सीहोरला, एक फारसे कोणाला ठाऊक नसलेले प्रकरण घडले. तिथे लॅन्सलॉट विल्किन्सन हे भोपाळचे इंग्रज पोलिटिकल एजंट होते. त्यांच्या पाठशाळेत भास्कराचार्यांचे सिद्धान्त शिकवले जात. तिथल्या सुबाजी बापू या मराठी पंडिताने १८३६ मध्ये सिद्धान्तशिरोमणीप्रकाश हे पुस्तक मराठीत लिहिले. पुराणातल्या भूगोलापेक्षा भास्कराचार्यांची गोल पृथ्वी खरी, आणि तिथून पुढे कोपर्निकसचे म्हणणेही समजून घेता येते, असा त्याचा रोख. सीहोरमध्ये बसून, मराठीत. याच पाठशाळेत नागपूरहून आलेले बापूदेव शास्त्री शिकले. नागपुरात त्यांचे लीलावती आणि बीजगणित आधीच झाले होते. पुढे ते काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गेले आणि सिद्धान्तशिरोमणीची छापील आवृत्ती त्यांनीच सिद्ध केली. माळव्यातले मराठी लोक म्हटले की तलवारी आणि जहागिरीच आठवतात. सुबाजी बापूंचे नावही आपल्या घरांत माहीत असायला हवे.

भास्कराचार्यांच्या घराण्याची जी हकीकत वर सांगितली तिचा बराचसा भाग मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यामुळे हाती आला. चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगराच्या कुशीत पाटण आहे; पाटणादेवीच्या दर्शनाला गेलेल्यांना तो परिसर ठाऊक असेल. तिथल्या देवळातला शिलालेख भाऊ दाजींनी १८६५ साली विद्वानांपुढे मांडला. त्यावर शके ११२८, श्रावणी पौर्णिमा आणि चंद्रग्रहणाची वेळ असा उल्लेख आहे. इंग्रजी कालगणनेने तो १२०७ चा ऑगस्ट येतो. नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांसाठी मठ स्थापला. सिद्धान्तशिरोमणी आणि घराण्यातले इतर ग्रंथ तिथे नेमाने शिकवले जावेत, हा त्याचा हेतू. निकुंभ घराण्यातल्या सोइदेव राजाने मठाला देणगी दिली आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव याने ती पुढे चालवली.

लेखाचा वरचा भाग संस्कृतात आहे, वंशावळ आणि स्तुती सगळी श्लोकांत. शेवटी मठाला कायकाय मिळणार याची यादी आली की भाषा एकदम मराठी होते. कारण ती बाजारातल्या माणसांना समजायची होती. पेठेत विक्रीला येणाऱ्या मालावर जे राजाचे घेणे होते ते मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. माप करायचे ते मठाच्या मापाने, आणि मापणावळीचा निम्मा वाटा मठाचा. गावात जितके तेलाचे घाणे चालतील तितक्या प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल.